टाचेवरचा डाग, चौथी स्टेज आणि प्रायोगिक लस: कोणाला माहिती आहे का?

कोरांटी | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लिहिताना हात थरथरतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. बेस्टमध्ये कंडक्टर होते, सगळं आयुष्य उभ्यानं गेलं. दीड वर्षापूर्वी डाव्या टाचेवर काळा डाग दिसला. जवळच्या डॉक्टरांनी कुरूप म्हणून सांगितलं. कॉर्न कॅप लावून झाली, मग एकदा ब्लेडने तासूनही झालं. जखम भरेना, मोज्याला रक्त लागायला लागलं. आईने हट्टाने दुसरीकडे नेलं, तोवर जांघेत सुपारीएवढं अवधाण आलेलं होतं. बायोप्सीत आलं ॲक्रल मेलानोमा, म्हणजे तळव्यावर होणारा कातडीचा कॅन्सर. टाचेचा भाग आणि जांघेतल्या गाठी काढल्या. आम्हाला वाटलं सुटलो. गेल्या आठवड्यात पेट स्कॅन झाला, दोन्ही फुप्फुसांत गाठी आहेत. चौथी स्टेज.

माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो रोज लिंक पाठवतो की मेलानोमावर आता लस निघते आहे, चाचण्या चालू आहेत, बाबांना कसंही करून त्यात घालायचं. आई म्हणते, ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं पाच पैशाचं तिकीट चुकवू दिलं नाही त्याच्यावर प्रयोग नकोत. बाबांनी दंडावरचा देवीचा वण दाखवून एवढंच विचारलं, "अशीच का गं टोचतात?" मला उत्तर देता आलं नाही.

आजार झाल्यावर लस कशी चालते? इथे मुंबईत असं काही मिळतं का? आणि त्यात जाणं म्हणजे खरंच बाबांवर प्रयोग होऊ देणं आहे का? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

गिरणगाव | सोमवार, रात्री ११.३२

कोरांटीताई, मी मुंबईचाच, लालबागचा. काही लागलं, रक्त, डबा, रात्री कोणी सोबत बसायला, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माहितीचं जाणकार सांगतील.

कैरीपन्हं | मंगळवार, सकाळी ६.५०

ताई, धीर सोडू नका. मॉडर्ना कंपनीच्या लशीने मेलानोमाचे ४४ टक्के रुग्ण बरे झाले असं मी वाचलंय. आणि रशियाने तर कॅन्सरची लस फुकट देणार म्हणून जाहीर केलं होतं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन वेळा येऊन गेलंय. तिकडे चौकशी करून पाहा.

रक्तपेशी | मंगळवार, सकाळी ९.१५

कैरीपन्हं, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत हे कळतं. पण ४४ टक्के बरे झाले हे चूक आहे, आणि या चुकीवर एखादं घर विकलं जाऊ शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काम केलंय.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. देवीची लस आजार यायच्या आधी टोचायचे. कॅन्सरची ही लस आजार झाल्यावर देतात. टोचणं तेच, काम वेगळं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाहेर खुंट्या असतात म्हणा. पेशी आत बनलेल्या प्रथिनांचे तुकडे त्या खुंट्यांवर टांगत राहते आणि टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशी, येता-जाता ते तपासतात. कॅन्सरच्या पेशीत जनुकं बिघडलेली असतात, त्यामुळे तिच्या खुंटीवर अधूनमधून असा तुकडा लटकतो जो शरीरात दुसरीकडे कुठेच नाही. लस टी-पेशींना तो तुकडा ओळखायला शिकवते. खुंट्यांचा आकार माणसागणिक वेगळा असतो. शास्त्रात त्याला एचएलए म्हणतात. एकाच्या खुंटीवर बसणारा तुकडा दुसऱ्याच्या खुंटीवर बसेलच असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मॉडर्ना आणि मर्कची लस एमआरएनए प्रकारची आहे, म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं याची पेशीला दिलेली चिठ्ठी. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आणि रुग्णाचं रक्त यांची जनुकं वाचतात, फरक शोधतात, त्यातले जास्तीत जास्त ३४ निवडतात आणि त्यांची एक लस करतात. बनवायला साधारण दीड महिना. दर तीन आठवड्यांनी एक, असे जास्तीत जास्त नऊ डोस.

आता तो ४४. चाचणीत १५७ रुग्ण होते. १०७ जणांना लस आणि पेम्ब्रोलिझुमॅब (टी-पेशींचे ब्रेक सोडवणारं औषध), ५० जणांना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब. दीड वर्षानंतर पहिल्या गटात सुमारे ७९ टक्के लोकांचा आजार परतला नव्हता, दुसऱ्या गटात ६२ टक्के. म्हणजे शंभरात १७ जणांचा फरक. सगळा काळ हिशेबात धरून आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी निघाला. "धोका कमी झाला" आणि "बरे झाले" यांत फार अंतर आहे. शिवाय १५७ हा आकडा लहान. फरक नशिबाने आला असण्याची शक्यता पुरती पुसली गेली नव्हती. म्हणूनच २०२३ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या दोन्ही चाचण्या अशा लोकांसाठी आहेत ज्यांची गाठ ऑपरेशनने पूर्ण काढून झालेली आहे आणि ती परत येऊ नये एवढाच प्रश्न आहे. तुमच्या बाबांच्या फुप्फुसांत आज गाठी आहेत. भावाने पाठवलेल्या लिंका या चाचण्यांच्या असतील तर बाबा त्यांत बसत नाहीत. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुम्हाला आज कळलेलं बरं.

रशियाबद्दल: २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या आरोग्य खात्याने घोषणा केली होती हे खरं. पण घोषणा आणि रुग्णांवर तपासून छापलेला निकाल या दोन गोष्टी आहेत. ग्रुपवर फिरतो तो पहिला प्रकार.

कोरांटी | मंगळवार, दुपारी १.२०

रक्तपेशीताई, तीनदा वाचलं. खुंटीचं बाबांना सांगितलं, ते म्हणाले, "कळलं, सांग तिला." पहिल्यांदाच कोणी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं.

मग फुप्फुसात गेलेल्यांसाठी कुठलीच लस नाही का?

चर्मवैद्य | मंगळवार, दुपारी ३.०५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, ठाण्यात. लशीवर रक्तपेशी लिहितील, मला त्याआधी एक सांगायचंय.

परदेशातल्या बातम्यांतला मेलानोमा बहुतेक वेळा गोऱ्या कातडीवर उन्हाने होणारा असतो. पाठीवर, पोटऱ्यांवर, चेहऱ्यावर. आपल्याकडे मेलानोमा एकूणच कमी, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होण्याचं प्रमाण मोठं. त्याचा उन्हाशी संबंध नाही. बॉब मार्ली १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी गेला, त्याला हाच होता, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. सुरुवातीला फुटबॉलची दुखापत समजली गेली होती.

उन्हाने होणाऱ्या मेलानोमात जनुकांचे बिघाड प्रचंड असतात. ॲक्रलमध्ये खूप कमी. रक्तपेशींची खुंटी घ्या: बिघाड कमी म्हणजे खुंटीवर लटकणारे परके तुकडे कमी, म्हणजे लशीला दाखवायलाही कमी. चाचण्यांतले बहुसंख्य रुग्ण पहिल्या प्रकारचे असतात. तिथला निकाल आपल्या टाचेला जसाच्या तसा लावता येत नाही. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. तो हुशार असणार, त्याला पटेल.

तुम्ही विचारायलाच हवं असं एक: बाबांच्या ब्लॉकवर (लॅबने जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांची तपासणी झाली आहे का? ॲक्रलमध्ये बीआरएएफचा बिघाड कमी लोकांत सापडतो, पण सापडला तर त्यावर गोळ्या आहेत आणि त्या लागूही लवकर पडतात. केआयटीवरही औषध आहे. ही तपासणी न करता लशीमागे धावणं म्हणजे घरातलं कपाट न उघडता बाजारात जाणं.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, कारण मला याचा फार राग येतो. तळपायावरचा काळा डाग सहा आठवड्यांत गेला नाही, पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा रक्त आलं, तर तो कुरूप समजून कापू नका, कापू देऊ नका. आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे उजेडात बघा. त्यांना स्वतःला वाकून दिसत नाहीत.

दहिसरनाका | मंगळवार, दुपारी ४.४०

आत्ता ऑफिसातून फोन करून सासूबाईंना तळवे बघायला सांगितलं. धन्यवाद डॉक्टर.

रक्तपेशी | मंगळवार, रात्री १०.३०

कोरांटी, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मागे जावं लागेल, कारण या क्षेत्राचा इतिहास बहुतेक अपयशाचा आहे आणि तो लपवून आशा दाखवणं मला जमणार नाही.

१८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा सर्जन गाठींमध्ये जंतू टोचत असे. त्याला दिसलं होतं की मोठं इन्फेक्शन होऊन गेल्यावर काहींच्या गाठी विरघळतात. १९७० च्या दशकात मेलानोमाच्या गाठींत बीसीजी टोचून पाहिलं, तीच क्षयाची बीसीजी, जिचा वण आपल्या पिढीच्या दंडावर आहे. टोचलेली गाठ कधी कधी जायची, आतल्या अवयवातली राहायची. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये मात्र बीसीजी आजही रोजच्या वापरात आहे.

मग रुग्णांच्या पेशींपासून, प्रथिनांच्या तुकड्यांपासून लशी झाल्या. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने स्वतःचाच हिशेब मांडला: ४४० रुग्णांना लशी दिल्या, गाठी ठळक लहान झाल्या त्या २.६ टक्के उपचारांत. स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाचा असा आकडा छापायला धैर्य लागतं. कॅनव्हॅक्सिन नावाची मेलानोमाची लस २००५ मध्ये थांबवली. मेज-ए३ ची लस तेराशेहून अधिक रुग्णांवर तपासली, २०१३ मध्ये कळलं की फायदा नाही.

आणि २०१० ची चाचणी तर मला कायम आठवते. प्रगत मेलानोमाचे ६७६ रुग्ण. काहींना नुसती जीपी१०० ही लस, काहींना इपिलिमुमॅब हे नवं औषध, काहींना दोन्ही. नुसत्या लशीवरचे निम्मे रुग्ण ६.४ महिन्यांत गेले. इपिलिमुमॅबवर तो काळ १०.१ महिने, आणि दोन्ही दिलेल्यांत १०. म्हणजे लशीने काहीही भर घातली नाही. जे काम केलं ते सोबतच्या औषधाने केलं. (त्या चाचणीत एका ठरावीक एचएलए खुंटीचेच रुग्ण घेतले होते. बाकीच्यांना ती लस लागूच नव्हती.)

ते औषध काय करतं? टी-पेशींना ब्रेक असतात, कॅन्सर ते दाबून धरतो. ही औषधं ब्रेक सोडवतात. इपिलिमुमॅब २०११ ला मंजूर झालं, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४ ला. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या प्रगत मेलानोमाच्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के दहा वर्षांनी जिवंत होते. पूर्वी याच आजारात वर्षभर जगणं अवघड होतं. ॲक्रलमध्ये प्रतिसाद यापेक्षा कमी असतो, हेही खरं.

गाठी अंगात असलेल्यांसाठी आज लशी तपासल्या जातात त्या जवळजवळ सगळ्या या औषधांच्या जोडीने. बायोएनटेकची बीएनटी१११, चार ठरलेल्या प्रथिनांची, ही औषधं चालेनाशी झालेल्यांसाठी. डेन्मार्कच्या आयओ बायोटेकची एक, तयार मिळणारी, प्रत्येकासाठी वेगळी न बनवता. तिचा तिसऱ्या टप्प्याचा निकाल २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला: ४०७ रुग्ण, आजार न वाढता गेलेला काळ ११ महिन्यांऐवजी १९.४ महिने. पण संख्याशास्त्राने घालून दिलेला उंबरठा थोडक्यात हुकला. याला यश म्हणायचं की अपयश यावर जाणकारांत खरा वाद आहे. माझ्या मते तिथे काहीतरी आहे. मत आहे, पुरावा नाही.

वसईवाला | बुधवार, सकाळी ८.००

ताई, माझा अनुभव लिहितो म्हणजे दुसरं कोणी फसू नये.

माझ्या मोठ्या भावाला आतड्याचा कॅन्सर होता. मोठ्या हॉस्पिटलने आता औषध नाही म्हटल्यावर एका खाजगी केंद्राचा माणूस गेटबाहेरच भेटला. डेंड्रिटिक सेल लस, तुमच्याच रक्तातून बनवतो, साइड इफेक्ट नाही, सहा डोस, साडेसात लाख. "ट्रायल चालू आहे, सीट कमी आहेत" असंही म्हणाला. वहिनीचे दागिने गेले, गावच्या आंब्याच्या झाडांचं पुढच्या तीन वर्षांचं पीक गहाण पडलं. चार डोस झाले. भाऊ गेला. कुठलाच कागद आमच्याकडे नाही, फक्त पावत्या आहेत, त्यावर "सेल थेरपी चार्जेस" एवढंच.

मला अजून कळत नाही ती ट्रायल होती की काय होतं.

समन्वयिका | बुधवार, सकाळी १०.४५

वसईवाला दादा, वाचून गलबलून आलं. ती ट्रायल नव्हती. मी क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, म्हणून ठामपणे सांगते: जिथे प्रायोगिक औषधाचे लाखो रुपये तुमच्याकडून मागतात आणि सहीचा कागद देत नाहीत, तिथून उठून या.

खऱ्या चाचणीची खूण काय? भारतात २००९ च्या जूनपासून प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ती इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. सीटीआरआय क्रमांक विचारा. देत नसतील तर तिथेच समजा. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं, म्हणजे आपल्याला मराठीत. मागून घ्या, घरी आणा, दोन दिवस ठेवा, चार जणांना दाखवा. सही लगेच करा म्हणून कोणी घाई करत असेल तर ते नियमाबाहेर आहे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याजवळ राहते. त्यावर एथिक्स कमिटीचा संपर्क असतो, तो शोभेसाठी नसतो, फोन करता येतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. आणि कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं. पुढचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.

डेंड्रिटिक पेशींच्या (टी-पेशींना परके तुकडे दाखवणाऱ्या पेशींच्या) लशी हे शास्त्र खोटं नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अशी एक अमेरिकेत २०१० ला मंजूर झाली. पण मेलानोमात केमोच्या समोर ठेवून तपासली तेव्हा ती केमोपेक्षा सरस ठरली नाही, तो निकाल २००६ चा आहे. दादा, तुमच्या घरच्यांना जे विकलं ते शास्त्राचं नाव होतं. तुमची चूक नव्हती.

गिरणगाव | बुधवार, दुपारी १२.३०

नियम छान आहेत. पण मला आईंची बाजू मांडायची आहे, कारण कोरांटीताईंच्या आई घाबरट म्हणून नकार देत नाहीत.

टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. १८९७ च्या जानेवारीत प्लेगच्या साथीत वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, १० जानेवारीला. याबद्दल त्या माणसाला माझा दंडवत. पण त्यानंतर ती दिली गेली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते स्वेच्छेने पुढे आले असं नोंदवलंय. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कसली असते? आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या) लशीचा प्रकल्प खम्मम आणि वडोदऱ्यात झाला, खम्ममच्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या निघाल्या, २०१० मध्ये तो थांबवावा लागला, संसदीय समितीने पुढे त्यावर कडक अहवाल दिला. ती लस स्वतः चांगली आहे, माझ्या नातीला आम्ही दिली. पण विचारण्याची रीत वाईट होती.

गरीब माणसाला आधी विचारलं जातं आणि औषध आल्यावर त्यालाच शेवटी मिळतं. आईंच्या "प्रयोग नकोत" मागे हे सगळं आहे.

समन्वयिका | बुधवार, दुपारी २.१०

गिरणगाव काका, तुमचं खरं आहे आणि मी त्यातली एक गोष्ट रोज पाहिली आहे, ती सांगते. पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधाचा एक डोस लाखांच्या घरात जातो. परदेशात चाचणीतला "नेहमीच्या उपचारांचा गट" म्हणजे ज्याला नवीन काहीच मिळालं नाही तो. आपल्याकडे तोच गट म्हणजे ज्याला एरवी कधीच न परवडणारं औषध फुकट मिळालं तो. माणसं चाचणीत येतात ती कित्येकदा लशीसाठी नाही, सोबतच्या औषधासाठी. मग ती संमती किती मोकळी? मी हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारला आहे. समाधानकारक उत्तर मिळालं नाही. पण ज्या आजी त्यामुळे नातवाच्या मुंजीपर्यंत राहिल्या, त्यांना मी "येऊ नका" कशी म्हणू?

मुलुंडकर | बुधवार, रात्री ९.५०

माझी पत्नी एका चाचणीत होती, स्तनाच्या कॅन्सरच्या, लशीच्या नव्हे. थोडक्यात लिहितो. औषधापेक्षा येणं-जाणं जड जातं. मुलुंडहून परळ, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी, रक्त, ईसीजी, फॉर्म, पुन्हा रक्त. पाऊस असो, गाड्या बंद असोत. एकदा आम्ही शीव ते परळ पाण्यातून चालत गेलो कारण वेळ चुकली तर नोंद चुकली असती. ती म्हणायची, माझ्या नोंदीने पुढच्या बाईचं बरं होईल. तिला नंतर कळलं की ती जुन्या औषधाच्या गटात होती. वाईट वाटलं का विचारलं तर म्हणाली, "कोणीतरी त्या बाजूला असायलाच हवं होतं."

तिला जाऊन चार वर्षं झाली. मला त्या चाचणीचा पश्चात्ताप नाही. पण ते तिनं ठरवलं होतं, मी नाही. कोरांटी, तुमच्या लिहिण्यात भाऊ आहे, आई आहे, तुम्ही आहात. बाबांना काय हवंय?

कोरांटी | गुरुवार, पहाटे ५.१५

मुलुंडकर, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रभर झोप लागली नाही. रागाने नाही. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

आता पाच वाजता ते उठतात, चहा मीच करते. विचारलं. म्हणाले, "परदेशात नाही जायचं. मला ही खिडकी हवी. इथे जे होईल ते करा, पण मला काय होतंय ते मला आधी सांगायचं, तुझ्या भावाला नंतर." आणि म्हणाले, ती लस पुढे लोकांना उपयोगी पडणार असेल आणि इथे असेल तर मला चालेल, पण तुझ्या आईला कोणीतरी नीट समजावून सांगा, ती घाबरली आहे.

खारघरची | गुरुवार, सकाळी ११.००

एक भर. इथे बरेच जण लस आणि कार-टी (रुग्णाच्या टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देणं) यांत गल्लत करतात, म्हणून. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे. मेलानोमासाठी नाही. मेलानोमात गाठीतल्याच टी-पेशी वाढवून परत देण्याची एक पद्धत अमेरिकेत २०२४ ला मंजूर झाली, पण तीही वेगळी.

आणि परवडण्याबद्दल: टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी तोंड-घशाच्या प्रगत कॅन्सरमध्ये निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या अगदी छोट्या भागात, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, कमी मात्रेच्या केमोच्या जोडीला देऊन पाहिलं. एका वर्षानंतर जिवंत असलेले नुसत्या केमोच्या १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे मेलानोमाचं नाही, ॲक्रलचं तर नाहीच. पण कमी मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. विचारताना लाजू नका, पैशाचं आधी बोला, ते लोक रोज हेच ऐकतात. सोशल वर्करच्या खोलीतही जाऊन या, मदतीच्या योजना त्यांना माहीत असतात.

रक्तपेशी | गुरुवार, सकाळी ११.२५

खारघरचीला अनुमोदन. आणि कोरांटी, मला वाटतं तुमचा प्रश्न आता बदलला आहे. "लस कुठे मिळेल" हा नव्हे. "ब्रेक सोडवणारं औषध बाबांना देता येईल का, कुठल्या मात्रेत, कसं परवडेल, बीआरएएफ-केआयटीचं काय आलं, आणि त्याच औषधाच्या जोडीने इथे एखादी चाचणी आज रुग्ण घेते आहे का" हा आहे. लस असलीच तर शेवटच्या ओळीत आहे. औषधाचे दुष्परिणामही विचारा. ब्रेक सुटले की आतडी, थायरॉइड, यकृत, फुप्फुसं यांवर टी-पेशी उलटू शकतात. सतत जुलाब किंवा धाप लागली तर वाट न बघता कळवायचं असतं.

कैरीपन्हं | गुरुवार, दुपारी १.००

ताई, माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल क्षमस्व. सोसायटीच्या ग्रुपवर रक्तपेशी यांचं ४४ टक्क्यांचं स्पष्टीकरण टाकलं आहे. तीन जणांनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं.

कोरांटी | शनिवार, संध्याकाळी ७.४०

काल हॉस्पिटलात जाऊन आलो. सकाळी सहाला रांगेत लागलो, डॉक्टर भेटले साडेबाराला, पण भेटले ते वीस मिनिटं आणि बाबांशी बोलले, माझ्याशी नाही. माझ्याकडे तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं वहीत उतरवलेलं होतं. डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि वाचली.

बीआरएएफची तपासणी झालेलीच नव्हती. ब्लॉक जुन्या हॉस्पिटलच्या लॅबमधून आणायचा आहे, सोमवारी मी अर्धी रजा टाकून जाणार. केआयटीही त्यातच होईल. बीआरएएफचा बिघाड नसेल तर ब्रेक सोडवणाऱ्या औषधावर सुरू करायचं म्हणाले, मात्रा आणि खर्च सोशल वर्करशी बोलून ठरेल. ॲक्रलमध्ये किती अपेक्षा ठेवायची हे त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि विचारलं, "पण शून्य नाही ना?" डॉक्टर म्हणाले, नाही, शून्य नाही.

लशीचंही विचारलं. त्यांच्याकडे बाबांना बसेल अशी चाचणी आज चालू नाही, सुरू झाली तर फाईलवर नोंद करून ठेवतो म्हणाले. भावाला रात्री व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मी दिवाळीला नाही, पुढच्या महिन्यातच येतो.

बाहेर पडल्यावर फूटपाथवर कितीतरी माणसं चटई टाकून झोपलेली होती, सलाइनची पट्टी हाताला तशीच. आई एका बाईजवळ थांबली, बुलढाण्याहून आली होती, नवऱ्याच्या तोंडाचा कॅन्सर. आईने डब्यातल्या पोळ्या तिला दिल्या आणि विचारलं, "पाय बघितलेत का तुमचे कधी, उलटे करून?" त्या बाईला कळेना. आई तिथेच खाली बसली, आणि तिला तळवा दाखवायला सांगितला.

सोमवारी ब्लॉक मिळाला की इथेच लिहीन.